न चालवलेले मैल

मागच्या ऑक्टोबरात एक गृहस्थ माझी गाडी विकत घ्यायला आमच्या गॅरेजमध्ये आले होते. बॉनेट उघडून, हातात छोटी बॅटरी घेऊन ते तिच्या डाव्या फेंडरच्या, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या, आतल्या कडेला काहीतरी शोधत होते. उजव्या बाजूला त्यांना ते लगेच सापडलं होतं. डावीकडे काही दिसेना.

ते शोधत होते कागदाचं एक स्टिकर, बोटाच्या दोन पेरांएवढं. होंडाच्या या गाड्यांवर कारखान्यातूनच असं स्टिकर प्रत्येक पत्र्यावर चिकटवून येतं. बॉनेट, दोन्ही फेंडर, दारं, डिकी, बंपर, सगळीकडे. त्यावर गाडीचा चासी नंबर छापलेला असतो. सगळी स्टिकरं जागच्या जागी असली की गाडीला कधी मोठा मार बसलेला नाही, पत्रा मूळचा आहे, असं धरून चालतात. एक जरी गायब असलं, की लोक खाली वाकून बघायला लागतात.

"डावं फेंडर बदललंय का?" त्यांनी विचारलं. विचारलं माझ्या नवऱ्याला. गाडी माझी आहे, हे फोनवर बोलणं झालं होतं, तरी पहिली पंधरा मिनिटं ते त्याच्याशीच बोलत होते. नवऱ्याने माझ्याकडे बोट केलं.

मी सांगितलं ते असं. २०१६ साली एका दुकानाच्या पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी मागे घेताना या फेंडरला ठोकलं. पोचा आला. विमा कंपनीने सुचवलेल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे मी गाडी दिली. त्याने पोचा सुरेख काढला, रंगही असा जुळवला की उन्हात उभं राहून बघितलं तरी फरक कळत नाही. पण काम करताना फेंडरची आतली कड घासली आणि स्टिकर त्यात गेलं. गाडी परत मिळाली तेव्हा माझ्या ते लक्षातही आलं नाही. त्या कागदाला किंमत असते, हेच तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

गृहस्थांनी खिशातून रंगाची जाडी मोजायचं यंत्र काढलं. बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे म्हणून तिथे त्याची सेटिंग बदलली, बाकी पत्र्यावर पुन्हा जुनी केली. म्हणजे माणूस जाणता होता. इतर पत्र्यांवर आकडे शंभर-सव्वाशे मायक्रॉनच्या आसपास येत होते, डाव्या फेंडरवर दुपटीहून जास्त. त्यांनी वहीत नोंद केली आणि म्हणाले, स्टिकर असतं तर सव्वीस हजार डॉलर दिले असते. आता बावीस.

एका कागदाचे चार हजार डॉलर. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. पैशांचं वाईट वाटलं, हे खरंच आहे. पण त्याहून वेगळं काहीतरी खुपत होतं, आणि ते शब्दांत धरायला मला बरेच दिवस लागले.

गाडी आहे होंडा एस२०००, २००२ सालची. दोन सीटांची, कापडी टपाची, सहा गिअरची. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स या गाडीत कधी आलाच नाही. होंडा कंपनीला पन्नास वर्षं झाली त्या निमित्ताने ही गाडी काढली, १९९९ साली. इंजिन फक्त दोन लिटरचं, टर्बो नाही, आणि अमेरिकेतल्या गाडीत त्यातून २४० अश्वशक्ती निघते. लिटरमागे १२०. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीच्या बिनटर्बो इंजिनातून इतकं काढणं तेव्हा जवळजवळ कुणालाच जमत नव्हतं. त्यासाठी ते इंजिन मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत जातं. साध्या गाडीची लाल रेघ, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांची शेवटची हद्द, साडेसहा हजारांच्या आसपास असते. एस२००० त्या आकड्याला नुकती जागी होत असते. सहा हजारांच्या आसपास व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचे मोठे उंचवटे कामाला लागतात, आवाज एकदम बदलतो, घशातला स्वर छातीत उतरावा तसा, आणि तिथून पुढच्या तीन हजार फेऱ्यांत ही गाडी कशासाठी बनवली ते कळतं.

हे ऐकायला कायदा मोडावा लागत नाही, म्हणून मला ही गाडी फार आवडते. पहिल्या गिअरमध्ये नऊ हजारांवर वेग ताशी पंचेचाळीस मैलांच्या आसपास असतो. दुसऱ्यात सत्तरच्या आत. हमरस्त्याला लागणाऱ्या प्रत्येक रॅम्पवर ते सुख मिळतं, आणि वर पोचल्यावर तुम्ही मर्यादेतच असता.

मी अमेरिकेत आले १९९९ साली. शोरूममध्ये ही गाडी पहिल्यांदा बघितली २००० मध्ये. किंमत ३२ हजार डॉलर. तेव्हा ते शक्यच नव्हतं. घेतली २०१३ साली, ५८ हजार मैल चाललेली, १३,२०० डॉलरला. तो काळ या गाडीच्या किमतीचा तळ होता, हे आज कळतं. बहुतेक गाड्या नव्याच्या जुन्या होतात, मग फक्त जुन्या राहतात, मग भंगारात जातात. थोड्या गाड्या मात्र तळाला टेकून पुन्हा चढायला लागतात. एस२००० ची कारणं साधी आहेत. २००९ मध्ये उत्पादन थांबलं, जगभरात मिळून एक लाख दहा हजारांच्या आसपास गाड्या निघाल्या, त्यातल्या कितीतरी रेसट्रॅकवर, झाडांवर आणि हौशी लोकांच्या फेरफारांत संपल्या. हाताने गिअर टाकायच्या गाड्या बाजारातून जात चालल्या. आणि विशीत असताना ज्यांनी या गाडीचं चित्र भिंतीवर लावलं होतं, त्यांच्या हातात चाळिशीत पैसा आला. महामारीच्या वर्षांत तर सगळ्याच हौशी गाड्यांचे भाव उसळले, एस२००० चेही. एस२००० सीआर नावाची एक हलकी आवृत्ती होती, २००८ आणि २००९ अशी दोनच वर्षं, सातशेच्या आत गाड्या, नवी किंमत ३७ हजार डॉलरच्या आत. त्यातली एक, फक्त १२३ मैल चाललेली, लिलावात दोन लाख डॉलरना गेली.

एकशे तेवीस मैल. माझ्या शहरातून, कोलंबसहून, सिनसिनाटीला जाऊन परतही येता येणार नाही इतके. ज्याने ती गाडी नवी घेतली त्याने ती कधी चालवलीच नाही, आणि त्याच्या त्या न चालवण्याचे पैसे त्याला मिळाले.

मी पाटबंधारे खात्यातल्या ओव्हरसिअरची मुलगी. आमच्या सांगलीच्या घरी वाहनाची किंमत वाढते हे मी लहानपणीच ऐकलेलं होतं, फक्त कारण वेगळं होतं. अण्णांनी बजाज चेतक नोंदवली १९७७ साली आणि त्यांचा नंबर लागला १९८४ मध्ये. त्या काळात हे नवल नव्हतं. परवाना राजमध्ये कारखान्याने किती स्कूटर काढायच्या हे सरकार ठरवायचं, आणि मागणी त्याच्या कैक पटीने होती. त्यामुळे शोरूममधून बाहेर काढलेली स्कूटर शोरूममधल्या स्कूटरपेक्षा महाग. अण्णा डिलिव्हरी घ्यायला गेले तेव्हा दारातच एक व्यापारी थांबला होता. "साहेब, वर तीन हजार देतो. चावी इथंच द्या." अण्णांच्या दोन-अडीच महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम होती ती. घरी ताईच्या शाळेचा, आजीच्या औषधांचा खर्च होता. अण्णांनी किक मारली आणि घरी आले. आईने हे ऐकून दोन दिवस अबोला धरला होता, असं तीच सांगायची.

ती चेतक वीस वर्षं चालली. मागे आई, पुढे उभी मी, मध्ये पिशव्या. हरिपूरला हळदीचं पोतं पायाशी ठेवून. १९९३ मध्ये अण्णांनी मला त्यावर शिकवलं. माझ्या मैत्रिणी लुना आणि कायनेटिकवर कॉलेजला यायच्या. चेतकचा क्लच आणि गिअर दोन्ही डाव्या मुठीत, वजन एका बाजूला, आणि चालू करताना तिला आधी तिरकी करावी लागायची. विलिंग्डन कॉलेजच्या मागच्या रस्त्यावर अण्णा माझ्याबरोबर पळत यायचे आणि ओरडायचे, "क्लच सोडताना मनात दहा मोज!" २००४ मध्ये त्यांनी ती एका गवळ्याला दिली. त्याने दोन्ही बाजूंना कॅन लावून आणखी काही वर्षं चालवली.

अण्णांना खर्च लिहायची सवय होती. लाल कापडी पाठीची वही, पेट्रोल, ऑईल, प्लग, पंक्चर, सगळं तारीखवार. ती सवय माझ्यात आलीय. एस२००० ची माझी वही गॅरेजच्या फळीवर असते. ते गृहस्थ गेल्यावर मी ती घेऊन स्वयंपाकघरात बसले आणि बारा वर्षांची बेरीज मारली.

२४ हजार डॉलर. १३,२०० च्या गाडीवर २४ हजारांचा वरखर्च. सगळ्यात मोठा आकडा विम्याचा, त्याच्या खालोखाल पेट्रोलचा, कारण या इंजिनाला महागडं प्रीमियम पेट्रोलच लागतं. मागचे टायर भराभर झिजतात, कारण चाकं कारखान्यातूनच आत झुकवलेली असतात, आणि सोळा इंची रिमसाठी चांगले टायर आता फार थोड्या कंपन्या काढतात. कापडी टप ठरलेल्या जागी फाटतो, दाराच्या मागे, जिथे सांगाड्याचा दांडा घडीत कापडाला घासतो. आधी पिनेच्या डोक्याएवढं भोक दिसतं. पुढच्या उन्हाळ्यात त्यातून बोट जातं. नवा टप बसवायला १,६५० डॉलर लागले. २०१८ मध्ये क्लच गेला, १,९००.

काही कामं मी स्वतः करते, आणि त्यांची मजुरी वहीत नाही. एका थंड सकाळी इंजिन चालू केल्या केल्या पुढच्या बाजूने डब्यात गोट्या हलवल्यासारखा आवाज आला, दोन सेकंदांत थांबला. टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर. या गाडीचं जुनं दुखणं आहे. भाग मागवून एका शनिवारी बदलला. त्यानंतर टॅपेट सेटिंग केलं, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटी जुळवल्या. इंजिन रात्रभर थंड होऊ द्यायचं, व्हॉल्व्ह कव्हर काढायचं, आणि फीलर गेजची पाती एकेका फटीत सरकवून बघायची. इनटेकला ०.२१ ते ०.२५ मिलिमीटर, एक्झॉस्टला ०.२५ ते ०.२९. सोळा व्हॉल्व्ह. पातं फार सैल गेलं तर आवाज, फार घट्ट तर व्हॉल्व्ह जळायची भीती. बरोबर फटीत ते लोण्यातून सुरी ओढल्यासारखं किंचित अडत निघतं. ते अडणं बोटांना कळावं लागतं, डोळ्यांना नाही दिसत. माझ्या इंजिनात तेरा व्हॉल्व्ह हद्दीत होते, तीन घट्ट झाले होते. ते तीन सैल करून कव्हर बसवलं तेव्हा बाहेर संध्याकाळ झाली होती आणि मी दिवसभर काही खाल्लं नव्हतं.

तर हिशेब असा. घेतली १३,२०० ला, वर २४ हजार, आणि गृहस्थ देत होते बावीस. बारा वर्षांत हातून गेले १५,२०० डॉलर. चालले ३३ हजार मैल. मैलामागे ४६ सेंट, महिन्याला शंभरच्या आसपास. लोक मला म्हणतात, काय सुंदर गुंतवणूक केलीस. तेच १३,२०० मी २०१३ साली अमेरिकन शेअर बाजाराच्या साध्या इंडेक्स फंडात टाकले असते तर आज चौपटीहून जास्त झाले असते, आणि त्यांना टायर लागले नसते. भाव वाढणाऱ्या गाड्यांबद्दल बोलताना विकत घेतल्याचा आणि विकल्याचा असे दोनच आकडे सांगितले जातात. मधली वही कुणी उघडत नाही.

पण त्या रात्री मला जे खुपत होतं ते वहीच्या दुसऱ्या रकान्यात होतं. दर वर्षी एक जानेवारीला मी मीटरचा आकडा लिहून ठेवते. २०१४ मध्ये गाडी ४,८०० मैल चालली होती. २०२२ मध्ये ९००. पहिल्या साडेसहा वर्षांत २७ हजार, नंतरच्या साडेपाचमध्ये सहा हजार.

मध्ये काय झालं ते मला ठाऊक आहे. २०२० मध्ये मी विमा बदलला. भारतात गाडीच्या विम्यात आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, दर वर्षी घसरत जातो. इथल्या साध्या पॉलिसीतही गाडी गेली तर त्या दिवशीचा बाजारभाव देतात, आणि तो किती यावर वाद घालावा लागतो. संग्राह्य गाड्यांसाठी वेगळी पॉलिसी असते. तिच्यात रक्कम आधीच दोघांनी मिळून ठरवायची, गाडी गेली तर तेवढी पूर्ण मिळते. हप्ताही कमी. त्याच्या बदल्यात अटी येतात. गाडी बंद गॅरेजमध्ये ठेवायची. रोज कामाला न्यायची नाही. घरातल्या प्रत्येक चालकाकडे रोजची वेगळी गाडी हवी. नवशिक्या चालकाच्या हातात द्यायची नाही. मी सही केली, आणि सही केल्या दिवसापासून माझ्या घरात एक वस्तू आली जी आधी नव्हती. आधी गाडी होती.

मग मी आभाळ बघून गाडी काढायला लागले. किराणा दुकानात न्यायचं बंद केलं. आमच्या ओहायोत झेन्सव्हिलहून दक्षिणेला ५५५ नंबरचा एक रस्ता जातो, टेकड्यांवरून वळणावळणाने साठेक मैल. तीन पाचांमुळे त्याला 'ट्रिपल निकल' म्हणतात, निकल म्हणजे इथलं पाच सेंटचं नाणं. पूर्वी वर्षातून पाच-सहा वेळा जायचे. नंतर मनात यायचं, आणखी दीडशे मैल पडतील, खडी उडेल. हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च गाडी बंदच असते, त्याला इलाज नाही. पण मी एप्रिल आणि मेही त्यात घालवायला लागले. आणि उभ्या गाडीचं भलं होतं असंही नाही. सील सुकतात, ब्रेकच्या डिस्कवर गंज धरतो, टायर एका जागी चपटे होतात. २०२२ च्या वसंतात एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत उंदराने इन्सुलेशनचा कापूस आणून घरटं केलेलं. ९,००० फेऱ्यांचं इंजिन ज्या नळीतून श्वास घेतं, तिच्या तोंडाशी.

बाजार ज्या गोष्टीचे पैसे देतो ती म्हणजे न चालवलेला मैल, न लागलेलं ऊन, न घासलेला पत्रा. हे एकदा कळल्यावर मी नकळत तेच पिकवायला लागले होते.

त्या गृहस्थांबद्दल मला वाईट बोलायचं नाही. त्यांच्याकडे अशा तीन गाड्या आहेत, गॅरेजला हिवाळ्यात हीटर चालू असतो, प्रत्येक गाडी वर्षाला दोनशे मैल फिरते, ऑईल सगळीकडे पोचावं म्हणून. ते म्हणाले, तीस वर्षांनी मूळ रूपातली एस२००० बघायची असेल तर कुणीतरी ती सांभाळायलाच हवी. ते बरोबर आहे. अशी माणसं असावीत. फक्त ते काम माझं नाही, हे मला त्यांच्याशी बोलताना पहिल्यांदा स्वच्छ दिसलं.

२०१५ मध्ये अण्णा इथे आले होते, शहात्तर वर्षांचे. सीट इतकी खाली की त्यांना आत बसवायला दोघांनी धरावं लागलं. किंमत विचारली, मी सांगितली. काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नऊ हजार म्हणालीस ना? दाखव." इंजिन गरम होईपर्यंत आम्ही गावातून फिरलो. रॅम्पवर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबलं. टप उघडा होता, त्यांची टोपी मांडीवर. आवाज बदलला तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि वर हमरस्त्याला लागेपर्यंत काढला नाही. मग म्हणाले, "अजून एकदा." पुढच्या एक्झिटला उतरून आम्ही परत आलो. असं चार वेळा. २०१९ मध्ये अण्णा गेले.

गृहस्थांना मी नको म्हणून कळवलं. गाडी विकायला काढली होती ती लेकीच्या कॉलेजच्या खर्चासाठी, आणि बावीस हजारांत तिथलं एक वर्षसुद्धा निभत नाही. लेक २००९ ची, म्हणजे एस२००० बंद झाली त्या वर्षीची. ओहायोत साडेपंधराव्या वर्षी शिकाऊ परवाना मिळतो, आणि तो तिला मिळालेला होता. जानेवारीत मी विमा कंपनीला फोन करून संग्राह्य पॉलिसी रद्द केली आणि गाडी घरच्या साध्या पॉलिसीत घातली, लेकीच्या नावासकट. हप्ता जवळजवळ तिप्पट झाला. ठरलेली रक्कम गेली. वहीत मी तो आकडा लिहिला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन मोठे पाऊस झाले, रस्त्यांवरचं मीठ धुऊन गेलं. रविवारी सकाळी शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये मी पहिल्यांदा माझ्या गाडीत डावीकडून उतरून उजवीकडे बसले, आणि लेक माझ्या जागी. या बाजूने डॅशबोर्ड दिसतच नाही नीट, फक्त नारिंगी रेघांची कमान.

पहिल्यांदा बंद पडली. दुसऱ्यांदा उडी मारून बंद पडली. तिसऱ्यांदा क्लच जळाल्याचा वास आला, भाजक्या शेंगदाण्यांचं साल करपल्यासारखा. तिने घाबरून माझ्याकडे बघितलं.

"आई, खूप खराब झालं का?"

"होऊ दे. क्लच सोडताना मनात दहा मोज."

ती पुटपुटत मोजायला लागली, मराठीत, आजीने शिकवलेलं. सातवर गाडी हलली. पार्किंगच्या टोकाला जाऊन, वळून, ती दुसऱ्या गिअरमध्ये आली आणि तिने सोडलेला श्वास मला ऐकू आला.

"नऊ हजारांवर कधी न्यायची?"

मी तिच्याकडे झुकून तापमानाच्या रेघा बघितल्या. दोनच उमटल्या होत्या. "तिसरी आली की," मी म्हटलं. तिने पुन्हा वळवली आणि आम्ही आणखी एक चक्कर मारली.